सामन माशाचा कायमचा पत्ता

आजारी पडण्यासाठी आधी पत्ता असावा लागतो. ज्याला पत्ता नाही त्याला ताप येऊ शकतो, त्याच्या अंगावर चट्टे उठू शकतात, प्रसंगी तो मरूही शकतो. पण आजारी मात्र पडू शकत नाही. ब्रिटनमध्ये दोन-चार वर्षं काढलेल्या कुणालाही हे पटवून द्यावं लागत नाही. सर्जरीत, म्हणजे तिथल्या दवाखान्यात, नाव नोंदवायला गेलं की काउंटरवरची बाई आधी विजेचं बिल मागते आणि मग कुठं दुखतंय ते विचारते. ही उत्तम पद्धत आता माशांनाही लागू झाली आहे, आणि ती लागू होण्यात एका मराठी कुटुंबाचा सिंहाचा वाटा आहे. म्हणून हा वृत्तान्त.

आमचे मित्र डॉक्टर दीनानाथ वेर्लेकर मूळचे वेंगुर्ल्याचे. कातडीचे डॉक्टर. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याला टॅरॉक नावाची एक लहानशी नदी आहे (नकाशात शोधू नका, मीही शोधली होती). तिच्याकाठी ते एकेचाळीस वर्षं राहतात आणि त्यातली एकतीस वर्षं त्यांनी छातीपर्यंतच्या रबरी विजारीत, थंड पाण्यात उभं राहून काढली. तिथं सामन मासा गळानं धरायचा आणि पुन्हा पाण्यात सोडून द्यायचा, असा नियम आहे. सुप्रभावहिनींना तो लग्नानंतर सगळ्यात उशिरा समजला आणि अजून पटलेला नाही.

"अहो, धरायचा, उलटसुलट करून बघायचा, आणि जा बाबा घरी म्हणून सोडायचा? हे मासे धरणं आहे की तुमची ओपीडी?"

घरी खायचा सामन त्या सुपरमार्केटमधून आणतात. तो पिंजऱ्यात वाढवलेला असतो. एकसारखा गुलाबी, एकसारख्या जाडीचा, शाळेच्या गणवेशासारखा. पाकिटावर मात्र नदीत उंच उडी मारणाऱ्या माशाचं चित्र असतं. त्याचं वहिनी जे मालवणी तिखलं करतात, त्याला अख्ख्या स्कॉटलंडमध्ये तोड नाही. (त्यात आंबट म्हणून त्या काय घालतात, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. ते पुढे सांगतो.)

तर तीन उन्हाळ्यांपूर्वी दीनानाथनं धरलेल्या माशाच्या पोटावर लाल चट्टे निघाले. इस्त्रीचा चटका बसावा तसे. पुढच्या महिन्यात आणखी चार मासे तसेच. कातडीच्या डॉक्टराला निवृत्तीनंतर एवढी करमणूक मिळत नाही. पण दीनानाथची झोप उडाली. १९९३ साली या नदीत समुद्रातून वर चढलेले सामन होते २,११४. गेल्या वर्षी ६३. (त्यांतले दोन दीनानाथनं दोनदा धरले, म्हणजे खरे ६१.) चट्टे कशानं येतात हे अजून कुणाला नक्की ठाऊक नाही, आणि दीनानाथही तसं कधी म्हणाला नाही. त्याचं म्हणणं एवढंच होतं, की मासा आधीच आजारी असताना त्याच्या वाटेत पिंजऱ्यांतल्या माशांवरच्या उवांचं कोठार उघडू नका.

कारण खाडीच्या तोंडाशी एका कंपनीला आणखी बारा पिंजरे टाकायचे होते. प्रत्येकात साठ हजार मासे. नदीतून समुद्रात जाणाऱ्या प्रत्येक पिल्लाला त्यांच्या दारावरूनच जावं लागणार होतं. ते झालं तर पाच वर्षांत नदीत मोजायला काही उरणार नाही, हे दीनानाथचं गणित होतं.

कंपनीची बाजूही ऐकली पाहिजे. तिथं माशांची जी बडदास्त ठेवतात, तशी माझ्या सासुरवाडीनं माझी कधी ठेवली नाही. वेळच्या वेळी खाणं. उवा झाल्या तर कोमट पाण्यानं अंघोळ. (या अंघोळीत काही मासे दगावतात; अहवालात त्यांची नोंद 'उपचार पूर्ण झालेले' अशी होते.) शिवाय अंगावरच्या उवा टिपायला दुसऱ्या जातीचे छोटे मासे नेमलेले, म्हणजे रोजगारनिर्मितीही झाली.

निर्णय द्यायचा होता जलचर निवास व आरोग्य मंडळानं. मंडळाचा नियम स्वच्छ होता: नदीतल्या रहिवासी माशाचा आजार हरकत म्हणून धरला जाईल. त्यासाठी मासा रहिवासी असल्याचा अर्ज, नमुना न-१४, माशातर्फे कुणीही भरावा.

अर्ज म्हटल्यावर वेर्लेकरांच्या घरात एकच नाव निघालं. परीक्षित. दीनानाथचा पुण्याचा पुतण्या, ब्रिस्टलला सॉफ्टवेअरमध्ये. त्याला नुकताच या देशात कायम राहण्याचा परवाना मिळाला होता. त्याची फाइल २१४ पानांची होती आणि तिच्यावर एकही शंका आली नव्हती. वॉटफर्डपर्यंतची मराठी मंडळी ती फाइल बघायला येऊन गेली होती. परीक्षित विमानानं आला, लॅपटॉप उघडला, आणि प्रश्न सतराशी थांबला.

गेल्या पाच वर्षांत अर्जदार नदीबाहेर गेला असल्यास तपशील द्या.

"लिही, थोडाफार," दीनानाथ म्हणाला.

"काका! थोडाफार असा ऑप्शन नसतो. किती दिवस?"

"अरे, सामन आहे तो. नदीत जन्मतो, समुद्रात जातो, दोन-अडीच वर्षांनी परत येतो. लहान पोरांनाही माहितेय."

"मग डिक्लेअर करायचं. एकदा लपवलं ना काका, की दहा वर्षं बॅन."

"कुणाला बॅन? माशाला?"

"फॉर्म हा फॉर्म असतो. मी ऋजुताताईच्या लग्नाला चार दिवस पुण्याला गेलो होतो, तेही डिक्लेअर केलं. बोर्डिंग पाससकट."

त्यानं लिहिलं: दोन वर्षं दोन महिने, ग्रीनलंडच्या बाजूला, उद्देश खाणं. सोबत समुद्रप्रवासाचा नकाशा जोडला. झाडाच्या खोडासारखी सामनच्या खवल्यावरही वयाची वलयं असतात. त्या खवल्याचा मोठा फोटो प्रयोगशाळेच्या शिक्क्यासह जोडला. सगळ्यांच्या वर कव्हर लेटर.

"जन्माचा दाखला?" वहिनींनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काकू, अंडी घातली त्या जागेचा फोटो लावलाय. एक्स्ट्रा डॉक्युमेंट्स दिली की केसवर्कर खूश होतो."

केसवर्कर खूश झाला. अकरा दिवसांत उत्तर आलं. एकाही माणसाला या देशात इतक्या लवकर उत्तर आलेलं नाही. मंडळानं म्हटलं होतं, की वर्षात १८० दिवसांहून अधिक काळ नदीबाहेर राहणारा मासा रहिवासी ठरत नाही. तो पाहुणा होय. पाहुण्याचा आजार तो जिथून आला तिथला धरला जातो, सबब ग्रीनलंडशी संपर्क साधावा. नदीतल्या वास्तव्यासाठी त्याला आरोग्य अधिभारही लागू होतो. पण तो वसूल कसा करावा, यावर उपसमिती नेमली आहे.

उलट पिंजऱ्यातला मासा जन्मल्यापासून एक दिवसही कुठं गेलेला नाही. त्याचा पत्ता पक्का: पिंजरा सात, ईशान्य कोपरा. तो निर्विवाद रहिवासी. त्याच्या अंगावरच्या उवा त्याच्यावर अवलंबून असल्यानं आश्रित कुटुंबीय. त्यांना त्याच्यापासून तोडणं माणुसकीला धरून नाही. आणि परदेशातून लाल चट्टे घेऊन येणाऱ्या पाहुण्यांपासून या रहिवाशांचं संरक्षण व्हावं, म्हणून खाडीच्या तोंडाशी बारा पिंजरे असणं केवळ योग्य नव्हे, तर निकडीचं आहे. शेवटी, निर्दोष कागदपत्रांबद्दल मंडळानं अर्जदाराचे आभार मानले होते.

"बघा काका," परीक्षित म्हणाला, "एकही क्वेरी नाही!"

अंतिम निर्णयाआधीची सुनावणी गावच्या हॉलमध्ये झाली. दीनानाथ चट्ट्यांचे फोटो घेऊन उभा राहिला. अध्यक्षबाईंनी ते चष्मा लावून पाहिले आणि अगत्यानं विचारलं, "डॉक्टर, आपण स्वतः दर हिवाळ्यात वेंगुर्ल्याला किती दिवस असता?"

दीनानाथनं मान वळवली. शेजारी परीक्षित बॅगेतून बोर्डिंग पास काढतच होता.

मग जेवणाची सुट्टी झाली. हॉलमधले गार सँडविच नवऱ्याला सोसत नाहीत, म्हणून वहिनी तिखल्याचं मोठं पातेलं घेऊन आल्या होत्या. मंडळाच्या पाचही सदस्यांनी वाडग्याचा तळ चमच्यानं खरवडला. अध्यक्षबाईंनी कृती लिहून मागितली. (वहिनींनी दिली, आंबटाचा तेवढा उल्लेख गाळून.) दुपारी मतदान झालं: पिंजऱ्यांच्या बाजूनं, पाच विरुद्ध शून्य. पिंजऱ्यातला मासा इतका उत्तम लागतो याचा पुरावा खुद्द हरकत घेणाऱ्यांनीच सादर केला, अशी नोंद इतिवृत्तात आहे. दीनानाथचं म्हणाल तर तो त्या दिवशी दोनदा घेऊन जेवला. मी समोरच होतो, तिसऱ्या वाडग्यावर.

हंगामाच्या शेवटच्या दिवशी मी त्याच्याबरोबर नदीवर गेलो. चार वाजता त्याच्या गळाला मादी लागली. नऊ पौंडांची, अंड्यांनी भरलेली. पोटावर दोन्ही बाजूंनी लाल. दीनानाथनं हुक काढला, दोन्ही तळव्यांवर तिला तोलून तिचं तोंड प्रवाहाकडे धरलं आणि तसाच उभा राहिला. अंडी घालायची जागा वर चार मैलांवर, मध्ये दोन धबधबे.

"हिचा पत्ता लिही," तो म्हणाला. मी वही काढली. पान कोरंच राहिलं. बऱ्याच वेळानं तिनं शेपटी हलवली आणि ती गेली. त्यानं हात धुतले, पेशंट तपासल्यावर धुवावेत तसे, मनगटापर्यंत.

ही हकिकत मी आजवर वॉटफर्डला दोनदा आणि ब्रिस्टलला एकदा सांगितली. लोक फार हळहळले. एका बाईंनी तर डोळे पुसले. मग चहा आला, आणि कुणीतरी खुर्ची जवळ ओढून मला हळूच तो प्रश्न विचारला. ती मादी चार मैल वर पोचली का, हा नव्हे. तो अजून कुणी विचारलेला नाही. दुसरा. जो मघापासून तुमच्याही मनात आहे, आणि जो मी विसरलो की काय अशी तुम्हाला शंका यायला लागली होती.

आमसुलं. सहा.