हैबतरावांच्या घोड्याचे वीस केस

मला कोणतीही गोष्ट कोणालाही समजावून सांगता येते. हा गर्व नाही, नोंद आहे! आमच्या सासूबाईंना मी एकदा कृष्णविवर समजावून सांगितलं होतं. त्यांना ते इतकं पटलं, की पुढे सहा महिने त्या आमच्याकडे फिरकल्या नाहीत.

त्यामुळे विद्यापीठात 'पुनर्गठन' आलं तेव्हा मी मुळीच घाबरलो नाही. ग्वाल्हेरला पुनर्गठन उन्हाळ्यासारखं येतं. दरवर्षी येतं आणि दरवर्षी लोक म्हणतात, यंदा जास्तच आहे. यंदा भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र या दोन विभागांचं एकीकरण करून 'नॅनो विज्ञान केंद्र' काढायचं ठरलं. एकीकरण म्हणजे काय, तर मधली भिंत पाडली. भिंत पडल्यावर पलीकडे रसायनवाले दिनकरराव दिसले. एकोणीस वर्षं मी त्यांना वासावरून ओळखत होतो आणि ते मला आवाजावरून. आता टेबलाला टेबल लागलं. आणि दोघांत मिळून उपसंचालकाची जागा एक!

संचालक महोदयांनी दोघांना बोलावून सांगितलं, "देखिए, रिसर्च तो होती रहेगी. पहले जनता को जोड़िए. जो जोड़ेगा, वही उपसंचालक!"

दिनकरराव विचारात पडले. मी कृतीत पडलो! केंद्रात नवीन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला होता. मी जाहीर करून टाकलं: रविवारी सर्वांना प्रवेश. घरातली एक वस्तू आणा आणि ती लाख पट मोठी करून पडद्यावर बघा! शहरभर, मुरारपासून दाना ओलीपर्यंत पत्रकं वाटली. बायकोला तालीम म्हणून समजावून सांगितलं, "शरयू, नॅनो म्हणजे किती बारीक? एक केस घे. त्याच्या जाडीचे ऐंशी हजार भाग कर. त्यातला एक भाग म्हणजे नॅनोमीटर!"

"केस कोणाचा घेऊ?" शरयू माझ्या डोक्याकडे बघत म्हणाली. "तुमचा घेतला तर शिल्लक काही राहणार नाही."

पण केसावरून मला शिवाजीराव आठवले!

दर्पण कॉलनीत आमच्या शेजारच्या घरात शिवाजीराव राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेत, पण घराणं शिलेदारांचं. त्यांचे पूर्वज हैबतराव पानिपतावर जखमी झाले आणि त्यांच्या चंदन नावाच्या घोड्याने त्यांना थेट ग्वाल्हेरला आणून पोचवलं. पंधरा वर्षांपूर्वी ही हकीकत मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा घोडा चार पायांवर आला होता. पुढे तो तीन पायांवर येऊ लागला, मग दोन. मागच्या दसऱ्याला तर तो जवळजवळ हैबतरावांच्याच खांद्यावर बसून आला! त्या चंदनच्या आयाळीचे वीसेक केस चांदीच्या डबीत ठेवलेले आहेत. दसऱ्याला त्यांची पूजा होते, आणि सगळी कॉलनी रांगेने नमस्कार करून बुंदीचा लाडू घेते.

मी जातीने गेलो. "शिवाजीराव, रविवारी ती डबी घेऊन याच!"

"केसांना काही होणार तर नाही ना?"

"होणार काय? एका केसावर आम्ही सोन्याचा थर चढवणार! विजेच्या सोयीसाठी चढवावाच लागतो, त्याशिवाय चित्र नीट उमटत नाही."

"चंदनला सोनं!" शिवाजीरावांचे डोळे पाणावले. "अडीचशे वर्षांनी का होईना, कोणी कदर केली. पण तुमचं यंत्र खरं सांगतं ना?"

"अहो, त्याला खोटं येतच नाही!"

एवढ्यात सुमनताई, म्हणजे शिवाजीरावांच्या सौभाग्यवती, चहा घेऊन आल्या. कपबश्या खडखड वाजल्या. "कशाला ती डबी बाहेर काढता उगाच?" त्या म्हणाल्या. मला वाटलं, भाविक बाई आहेत. मला तेव्हा बरंच काही वाटत असे.

रविवारी गर्दी उसळली! कॉलनीतल्या शांताताईंनी मीठ आणलं, इंदुताईंनी डासाचा पंख, कोणी दाना ओलीतून पापड आणला. प्रत्येक वस्तू पडद्यावर डोंगराएवढी दिसे आणि लोक टाळ्या वाजवत. कोपऱ्यात दिनकररावांचा चेहरा लिटमस कागदासारखा रंग बदलत होता. संचालक महोदय पहिल्या रांगेत होते आणि एका हिंदी पेपरचा वार्ताहरही होता. उपसंचालकाची खुर्ची मला इतकी जवळ दिसत होती, की मी तिच्यावर गादी कोणत्या रंगाची घालावी ते ठरवत होतो.

मग शिवाजीराव आले. डोक्याला फेटा, हातात डबी, मागे सुमनताई. लोक उठून उभे राहिले. आमची संशोधक विद्यार्थिनी मधु हिने चिमट्याने एक केस उचलला, सोन्याचा थर दिला, यंत्रात ठेवला. आतली हवा निघेपर्यंत शिवाजीरावांनी पानिपत सांगितलं. मी गप्प राहायला हवं होतं. पण समजावून सांगायची सवय!

"बंधुभगिनींनो," मी म्हणालो, "प्राण्याचा अस्सल केस कसा ओळखायचा? त्याच्यावर खवले असतात, छपरावरच्या कौलांसारखे. आता बघा, पडद्यावर कौलंच कौलं दिसतील!"

पडदा उजळला. त्याच्यावर एक नळी होती. गुळगुळीत, गोल, नवीकोरी नळी! कौल औषधालासुद्धा नव्हतं.

"सर," मधु माईकसमोरच म्हणाली, "ये तो नायलॉन है!"

सभागृहात असं सामसूम झालं, की पापडवाल्या बाईंचा पापड मोडलेला ऐकू आला.

"एक नंबरचं नायलॉन!" दिनकरराव दिवसभरात पहिल्यांदा हसले. "बहुधा ब्रशचं."

शिवाजीराव उठले. फेट्याचा तुरा थरथरत होता. "हैबतरावांचा घोडा काय प्लॅस्टिकचा होता? लक्ष्मीकांतराव! तुम्हीच म्हणालात ना, यंत्राला खोटं येत नाही?"

मी घाईघाईने चहाची सुट्टी जाहीर केली आणि मागच्या व्हरांड्यात पळालो. सुमनताई तिथे आधीच उभ्या होत्या. हातात रुमालाचा बोळा.

"भाऊजी, ते नायलॉनच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "अठरा वर्षांपूर्वी घराला रंग दिला, तेव्हा डबी मी गच्चीवर उन्हात ठेवली होती. लूचा गरम वारा सुटला. वर जाऊन बघते तर डबी रिकामी! हे जेवायला येणार होते. मला काही सुचेना. कपड्यांचा ब्रश होता, काळ्या केसांचा. कात्रीने कापले आणि ठेवले."

"आणि शिवाजीरावांना सांगितलं नाहीत?"

"रोज सांगणार होते. मग दसरा आला. हे डबीसमोर लहान मुलासारखे हात जोडून उभे राहिले. ते बघून तोंडच उघडलं नाही." त्यांनी डोळे पुसले. "मला बोलतील त्याचं काही नाही हो. पण त्यांच्याकडे दुसरं आहे काय? खात्यात कोणी विचारलं नाही, मुलं परगावी. एक घोडा तेवढा आहे."

आता सांगा, मी काय करायला हवं होतं? मी आत गेलो आणि विज्ञानाची शपथ घेऊन, माईक धरून, वाटेल ते बोललो!

"निष्कर्षाची घाई नको! अतिसूक्ष्म पातळीवर पदार्थाचे गुणधर्म बदलतात, हे तर नॅनो विज्ञानाचं मूळच आहे. अडीचशे वर्षं गंध, तूप, धूप... खवले भरून येऊ शकतात! म्हणजे असं होतं असं नाही, पण होतच नाही असंही..."

"हे कुठल्या पुस्तकात आहे?" दिनकररावांनी विचारलं. मी त्यांच्या पायावर पाय दिला.

वार्ताहर पुढे सरकला. "तो सर, घोड़े का बाल नायलॉन जैसा हो गया?"

"जैसा... कह सकते हैं," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी पेपरात सहा कॉलमी मथळा होता: 'पानीपत के घोड़े में नैनो तकनीक! ग्वालियर के वैज्ञानिक का दावा'. खाली माझा फोटो, शेजारी एका घोड्याचा. कोण कोणता, हे खाली लिहिलं होतं म्हणून बरं!

मी राजीनामा खिशात घालूनच संचालकांकडे गेलो. ते पेढे खात होते! "भोपाल से फोन था! कहते हैं, इसे कहते हैं जनता को जोड़ना. अगले सोमवार जाँच समिति आ रही है. बचे हुए सब बाल देखेगी."

समितीसमोर नायलॉन ते नायलॉनच ठरणार. माझी नोकरी, सुमनताईंचं गुपित आणि शिवाजीरावांचा घोडा, तिन्ही एकाच वेळी पडणार!

त्याच संध्याकाळी शिवाजीराव घरी आले. शरयू आत गेल्यावर त्यांनी स्वतः उठून दार लावलं.

"लक्ष्मीकांतराव, तुम्ही शास्त्रज्ञ. एक विचारतो, कोणाला सांगू नका. त्या केसांचं नायलॉन झालं कसं?"

"तेच ते... गंध, तूप, धूप..."

"ते हैबतरावांच्या घोड्याचं ठीक आहे हो! पण ते केस त्याचे नाहीतच!" ते खुर्ची ओढून जवळ आले. "वडिलांच्या मागे डबी माझ्याकडे आली, तेव्हा आत नुसती पूड होती. किडीने खाल्ले होते. मग मी मुरारला गेलो, एका टांगेवाल्याला चहा पाजला आणि त्याच्या घोड्याचे वीस केस कापून आणले. माझ्या हाताने! तो घोडा नायलॉनचा नव्हता, मला लाथ मारली होती त्याने! मग त्याच्यात हे नॅनो आलं कुठून?"

मी छताकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदा मला एक गोष्ट समजावून सांगता येत नव्हती. म्हणजे येत होती, पण सांगता येत नव्हती!

"चमत्कारच म्हणायचा," मी म्हणालो.

"मग समितीत तुमची फजिती नाही होणार?" त्यांना माझीच काळजी! "आणि हो, सुमनला कळू देऊ नका. तिची त्या डबीवर फार श्रद्धा आहे."

सोमवार उजाडला. समितीचे तीन सदस्य सकाळी दहालाच सभागृहात बसले. मी दारात उभा राहून हनुमानाचं नाव घेत होतो. तेवढ्यात सुमनताईंनी मला बाजूला घेतलं. चेहरा फुललेला!

"भाऊजी, काळजी करू नका. शनिवारी मी दाना ओलीत गेले होते. वरातीची घोडी असते ना तिथे? तिचे अस्सल वीस केस आणले आणि ब्रशचे सगळे काढून टाकले! आता डबीत कौलंच कौलं!"

"अहो वहिनी, पण पेपरात तर नायलॉन आलंय!"

"ते मला काही माहीत नाही. अस्सल ते अस्सल!"

त्या आत जाऊन बसल्या न बसल्या तोच शिवाजीराव आले. त्यांनीही मला बाजूला घेतलं.

"बेफिकीर राहा! तुमचा शब्द खाली पडू देणार नाही. यंत्र एकदा चुकलं असलं, तरी पुन्हा तेच चुकेल याचा काय भरवसा? डबीत ते टांग्याचे खरे केस. म्हणून काल दुपारी सुमन झोपली असताना मी त्यातले नऊ काढले आणि कपड्यांच्या ब्रशाचे नऊ घातले. नायलॉन पक्कं! त्या ब्रशाला एका बाजूने आधीच टक्कल होतं, का कोण जाणे."

तेवढ्यात मधुची हाक आली, "सर, चलिए ना, शुरू करें?"

एकेक केस यंत्रात गेला. पहिला आला कौलारू! सुमनताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. दुसरा आला गुळगुळीत! शिवाजीरावांनी माझ्याकडे बघून मिशीला पीळ दिला. मग दोघांनीही चमकून पडद्याकडे बघितलं आणि नंतर एकमेकांकडे. तिसरा कौलारू. चौथा कौलारू. पाचवा गुळगुळीत. दुपारी दीडपर्यंत हिशेब पूर्ण झाला. वीसपैकी अकरा केस, नऊ नायलॉन.

पतिपत्नी दोघंही हात जोडून बसली होती. ती थक्क झाली होती, की एकमेकांना ओळखून चुकली होती, हे मला आजवर कळलेलं नाही. एवढं खरं, की सुमनताईंनी पदर तोंडाला लावला होता आणि शिवाजीरावांचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, गहिवरले.

समितीने अर्धा तास दार बंद करून चर्चा केली. दिनकरराव माझ्या कानात म्हणाले, "आता तुमचं काही खरं नाही." मी खिशातला राजीनामा चाचपला.

अध्यक्ष बाहेर आले. चष्मा पुसून त्यांनी निर्णय वाचला: "समिति का मत है कि बाल का नायलॉन में परिवर्तन अभी आधा ही हुआ है. प्रक्रिया जारी है!"

टाळ्यांचा कडकडाट झाला! शिवाजीरावांनी मला मिठी मारली. संचालक महोदयांनी समितीला मिठी मारली. दिनकररावांना कोणीच मारली नाही, म्हणून मधल्या मध्ये त्यांना उपसंचालक केलं. 'दोन्ही विभागांचा समतोल राखण्यासाठी' असं आदेशात म्हटलं आहे.

आणि मी? माझ्यासाठी वेगळा आदेश निघाला. प्रक्रिया जारी असल्यामुळे दरवर्षी दसऱ्याला श्री. लक्ष्मीकांत यांनी दर्पण कॉलनीत जाऊन डबीतले केस मोजायचे, किती केस राहिले आणि किती नायलॉन झाले त्याचा अहवाल पाठवायचा. असं सलग पंचवीस वर्षं.

माझ्या निवृत्तीला अकरा वर्षं उरली आहेत. पुढची चौदा वर्षं घोडा कोणी बघायचा, असं मी पत्र पाठवून विचारलं होतं. काल त्याचं उत्तर आलं: 'आपके बाद जो आए, उसे आप स्वयं समझा दें.'