सहाशे बाराचे एक्केचाळीस

बाथरूमच्या कोपऱ्यातला पांढरा वजनकाटा. त्यावर एकट्याच उभ्या असलेल्या बाईंना तो अदबीने म्हणाला, "क्षमतेपेक्षा जास्त भार. कृपया दोघांनी उतरावे."

एक लिफ्ट. आत नऊ माणसं. नऊही एकमेकांच्या पोटाकडे संशयाने बघताहेत.

पान क्रमांक ४१२. वस्तू: मांजराच्या गळ्यातला पट्टा. शेरा: काही नाही.

हेल्पलाइनवरचा मधाळ आवाज: "आम्ही काय काय बनवतो हे आम्हाला नक्की सांगता येणार नाही. आपण यादीत पाहावं."

"जावईबापू, इकडे या आधी! फ्रिज मला आत बोलावतोय!"

आणि या सगळ्याच्या तीन दिवस आधी, शनिवारी दुपारी, टापटीप खुर्चीत मागे रेलून म्हणाला होता, "काकू, मला फक्त मंगळवारपर्यंत वेळ द्या. हत्तीला काडेपेटीत बसवतो की नाही बघा!"

टापटीप हे काही त्याचं जन्मनाव नव्हे. पण ज्याच्या टेबलावर पेन्सिली उंचीच्या क्रमाने उभ्या असतात आणि जो दुसऱ्याच्या टेबलावरचं स्टेपलर जाता जाता सरळ करून जातो, त्याला ऑफिस आणखी काय म्हणणार? नोकरीला लागून सहा महिने पुरे व्हायला चार दिवस उरले होते. बुधवारी फैसला! एकतर कायम, नाहीतर नमस्कार. घरी सासूबाई रोज संध्याकाळी, तो बूट काढत असतानाच विचारायच्या, "झालात का कायम?" बूट काढू द्यायचे की नाही हे जणू उत्तरावर अवलंबून होतं.

ऑफिसचं काम तसं साधं होतं. हल्ली यंत्रंही एकमेकांशी बोलतात. प्रत्येक वस्तूला एक खिडकी असते, तिला एपीआय म्हणतात. दुसऱ्या यंत्राने खिडकीशी यायचं, विचारायचं, उत्तर घेऊन जायचं. कुठल्या कंपनीच्या कुठल्या वस्तूची खिडकी कुठल्या पत्त्यावर आहे, तिथे काय विचारता येतं, उत्तर काय मिळतं, हे एकेका पानावर लिहून ती पानं सगळ्या जगासाठी उघडी ठेवायची. बस्स. अकरा वर्षं हे काम शेजारच्या टेबलावरच्या काकू करत होत्या. कुणाच्या काकू, हे विचारायचं धाडस कुणी केलं नव्हतं.

छोट्या कंपन्यांचा त्रास नव्हता. एक कंपनी, एक वस्तू, एक पान. त्रास होता हत्तीचा!

हत्ती म्हणजे ती अवाढव्य कंपनी. टूथब्रशपासून लिफ्टपर्यंत सगळं बनवणारी. दर महिन्याला ती दोनचार कंपन्या गिळायची आणि ढेकरसुद्धा द्यायची नाही. यादीत हत्तीची सहाशे बारा पानं होती. एकाच कुलपाची तीन पानं, तीन वेगवेगळ्या नावांनी. पंख्याच्या पानाला जोडून रक्तदाबाचं पान, कारण दोन्ही एकाच मंगळवारी आली होती. ते बघून टापटीपच्या अंगावर काटा यायचा.

"काकू, हा माळा आहे की यादी?"

"माळाच आहे. पण कुठली बरणी कुठे आहे ते मला ठाऊक आहे. तू हात लावू नकोस."

"अहो, पण वजन सांगणाऱ्या खिडक्या किती? अठरा! उत्तर काय? वजन! मग अठरा पानं कशाला? एकच पान करायचं, 'वजन'. दार उघडं की बंद ते सांगणाऱ्या सत्तावीस. त्यांचं एक पान, 'दार'. जो एकच उत्तर देतो तो एकच!"

"उद्या म्हणशील, हाक मारल्यावर 'ओ' देतात म्हणून सगळ्यांच्या बायका एकच!"

काकू चहा प्यायला निघून गेल्या. टापटीपने बाह्या सरसावल्या.

शनिवार गेला, रविवार गेला, सोमवारही गेला. त्याने पानं कापली, जोडली, मुडपली. मंगळवारी हत्तीचा प्रतिनिधी (ऑफिसात त्याला माहूत म्हणत) अकरा वाजता बैठकीला येणार होता. त्याच्यासमोर साहेबीणबाई नवी यादी उघडतील, माहूत तोंडात बोट घालेल, आणि बुधवारी... टापटीपला स्वप्नात स्वतःचं नाव पितळेच्या पाटीवर दिसलं. पाटी अर्थातच सरळ होती.

मंगळवारी सकाळी साडेसातला, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून, त्याने बटण दाबलं. सहाशे बाराचे एक्केचाळीस!

एक गोष्ट त्याला माहीत नव्हती. हत्ती इतका मोठा झाला होता की त्याच्या एका पायाला दुसरा पाय कुठे आहे ते कळेनासं झालं होतं. म्हणून हत्तीची स्वतःची यंत्रंही, आपलीच खिडकी कुठे आहे ते पाहायला, रोज सकाळी काकूंच्या यादीत डोकावून जात. आज ती डोकावली. 'वजन' या पानावर एकाखाली एक अठरा पत्ते. यंत्रांनी हाताला लागेल तो उचलला आणि ती कामाला लागली!

पावणेआठ. बायको दवाखान्यात ड्युटीवर गेलेली. घरात टापटीप, सासूबाई आणि सासूबाईंची मांजर. तिला सगळे राणीसरकार म्हणत. मागच्या दारात तिच्यापुरतं एक छोटं दार होतं, गळ्यातला पट्टा ओळखून आपोआप उघडणारं. आज राणीसरकार दारासमोर बसून होती आणि दार तिला पुन्हापुन्हा सांगत होतं, "बोट नीट ठेवा. बोट नीट ठेवा."

तेवढ्यात सासूबाईंची किंकाळी!

"जावईबापू! हा फ्रिज म्हणतोय, आत चला, पुढे सरका, दार बंद होत आहे!"

"भास झाला असेल, सासूबाई."

"फ्रिजचा भास? अहो, मला विचारतोय, कितव्या मजल्यावर जायचंय!"

"मग सांगा ना तिसरा," असं म्हणत टापटीपने शर्टाचं शेवटचं बटण लावलं आणि तो बाहेर पडला. माणसाला यशाचा वास आला की बाकी कशाचाच येत नाही!

ऑफिसच्या लिफ्टमध्ये नऊ जण चढले. दार बंद झालं. आणि छतातून प्रेमळ आवाज आला, "गेल्या मंगळवारपेक्षा तुमचं वजन पाचशे चौऱ्याऐंशी किलोंनी वाढलं आहे. धीर सोडू नका. गोड कमी करा."

नऊ माणसं, अठरा डोळे. हिशेबनीस सर्वांत जाड होते. ते उगाचच पोट आत घेऊन भिंतीला चिकटले. "मी काल जेवलोसुद्धा नाही हो!" ते म्हणाले. कुणी विचारलं नव्हतं.

टापटीप मात्र हिशेब करू लागला. वजन. वजनाचं पान. अठरा पत्ते. तो लिफ्टबाहेर पडतो तोच जिन्याने धापा टाकत साहेबीणबाई वर आल्या. बाई पाचव्या मजल्यावर जिन्याने! आणि डोळे लाल!

"बाई, बरं वाटत नाही का?"

"दोन महिने मी उकडलेलं खातेय," बाई म्हणाल्या, "आणि आज काटा मला म्हणतो, दोघांनी उतरा! मी एकटी होते! हे फालतू विनोद कोणाचे ते मला कळतं. मी ह्यांना स्पष्ट सांगितलं, एक तर हा काटा राहील या घरात, नाहीतर तुम्ही."

"मग?"

"ते बॅग भरताहेत!"

टापटीपचं धाबं दणाणलं. एक संसार मोडला, आणि अजून साडेनऊसुद्धा वाजले नव्हते! तो धावत काकूंच्या टेबलाशी गेला. काकू पडद्याकडे बघत होत्या. त्यांचा चेहरा अकरा वर्षांत पहिल्यांदा पांढरा पडला होता.

"माझ्या बरण्या कुठे आहेत?"

"काकू, मी जरा..."

"कुठे आहेत माझ्या बरण्या?!"

जुनी यादी परत आणता येत होती. पण एकदा जाहीर केलेली यादी मागे घ्यायची तर बाईंच्या टेबलावरच्या यंत्रावर बाईंचं बोट लागतं. म्हणजे बाईंना सांगायला हवं. म्हणजे बुधवार गेला. टापटीप बाईंच्या दाराशी तीनदा गेला आणि तीनदा पाणी पिऊन परत आला. असे अकरा वाजले, माहूत आला, आणि बाई त्याला आणि आणखी चौघांना घेऊन बैठकीच्या खोलीत गेल्या.

त्या खोलीला काचेच्या भिंती आणि एक जाडजूड दार. सकाळी झाडताना खुर्ची लावून ते उघडं ठेवलं होतं; सगळे आत गेल्यावर कुणीतरी खुर्ची काढली. दार आपोआप लागायचं आणि बोट ठेवलं की उघडायचं. कुलूप हत्तीचंच.

सव्वाअकराला बाईंना फोन आला. बहुधा बॅग भरून झाली असावी. त्या उठल्या. त्यांनी कुलपावर बोट ठेवलं. काचेतून आवाज बारीक आला, पण सबंध ऑफिसने तो ऐकला.

"मांजर ओळखता आलं नाही."

बाईंनी दुसरं बोट ठेवलं.

"मांजर ओळखता आलं नाही. कृपया मांजर जवळ आणा."

माहुताने कोट काढला आणि दोन्ही हातांनी दार ओढलं. दार ढिम्म! टापटीपने बाहेरून स्वतःचं बोट लावलं. तोही मांजर निघाला नाही.

"हेल्पलाइन!" कुणीतरी ओरडलं. टापटीपने फोन लावला.

"आमची माणसं आत अडकलीयेत हो! तुमच्या कुलपात!"

"वाईट वाटलं," मधाळ आवाज म्हणाला. "कुठल्या विभागाचं कुलूप?"

"ते तुम्हालाच माहीत असणार ना!"

"आम्ही काय काय बनवतो हे आम्हाला नक्की सांगता येणार नाही. आपण यादीत पाहावं. एक जाहीर यादी आहे, फार छान ठेवलेली असते." जरा थांबून, "आज मात्र जरा घोटाळा दिसतोय. इथे आमचा दरवाजाही उघडत नाहीये."

टापटीपने फोन ठेवला. काचेपलीकडून बाई खुणा करत होत्या: काय झालंय? माहूत टाय सैल करत होता. आणि मग काकू वाकून, त्याच्या कानाशी येऊन, दातओठ खात म्हणाल्या, "तुझ्या त्या शहाण्या पानावर 'दार' खाली काय काय कोंबलंस?"

"फ्रिज, लिफ्ट, गॅरेज, कुलूप... आणि मांजराचं दार."

"मग असं मांजर बघ कुठे मिळतं का. गळ्यात हत्तीचा पट्टा असलेलं."

टापटीपने घरी फोन लावला. "सासूबाई, राणीसरकारला घेऊन या. आत्ताच्या आत्ता. नाही, गंमत नाही. हो, ऑफिसात. हो, मांजरच!"

पाऊण तास गेला. पाऊण तास आत सहा माणसं काचेला नाक लावून उभी, आणि बाहेर अख्खं ऑफिस. सासूबाई भाजीच्या पिशवीत राणीसरकारला घालून लिफ्टने वर आल्या. लिफ्टने त्यांचं अभिनंदन केलं, "शाबास! तुमचं वजन पाचशे बत्तीस किलोंनी उतरलं आहे!" सासूबाई लाजल्या.

राणीसरकारला दारासमोर ठेवलं. ती बसली. तिने पंजा चाटला. मग कान खाजवला. मग, जणू आत्ताच आठवलं, पुढे झाली.

खट्!

"सुस्वागतम्, राणीसरकार. आज आपण पहिल्यांदाच बाहेर पडत आहात."

दार उघडलं! राणीसरकार शेपूट वर करून आत गेली आणि बाईंच्या खुर्चीत जाऊन बसली. बाई बाहेर आल्या. पळतच टेबलापाशी गेल्या, काकूंनी दाखवलं तिथे बोट ठेवलं, आणि एक्केचाळीस पानांची पुन्हा सहाशे बारा झाली. काकूंनी डोळे पुसले.

माहूत अजून मांजराकडे बघत होता. त्याला वेगळाच धक्का बसला होता.

"आम्ही मांजरांचे पट्टे बनवतो?" तो पुटपुटला. "माझ्या घरी दोन मांजरं आहेत! पट्टे मी दुसऱ्या कंपनीचे घेतले!"

"पान ४१२," काकू म्हणाल्या.

"हा उद्योग कुणाचा?" बाईंनी विचारलं. आवाज शांत होता. वादळाआधी असतो तसा.

यंत्रातला बिघाड, असं काहीतरी टापटीप म्हणणारही होता. पण सासूबाईंच्या मनात साठलेलं होतं!

"मी सकाळीच सांगत होते हो ह्यांना!" त्या बाईंचा हात धरून म्हणाल्या. "पावणेआठला! फ्रिज मला आत बोलावत होता. तर म्हणतात, भास! आणि तीन दिवस जेवतानासुद्धा सांगत होते, सहाशे बाराचे एक्केचाळीस, सहाशे बाराचे एक्केचाळीस. मला वाटलं, पाढा पाठ करताहेत!"

बाईंनी टापटीपकडे पाहिलं. मग घड्याळाकडे. मग फोन उचलून त्या म्हणाल्या, "बॅग सोडा. काटा निर्दोष आहे... नाही, तुम्हीपण." फोन ठेवला आणि टापटीपकडे वळल्या.

"उमेदवारी आणखी सहा महिने. आणि रोज सकाळी यादी उघडायची, बघायची, बंद करायची. हात लावायचा नाही. काकू शिकवतील."

"आधी हात मागे बांधून बसायला शिकवते," काकू म्हणाल्या.

टापटीपने मान खाली घातली. समोर बाईंच्या टेबलावरचं स्टेपलर तिरकं पडलेलं त्याला दिसलं. त्याने ते तसंच राहू दिलं.

आदल्याच दिवशी, सोमवारी संध्याकाळी पाच वाजता, त्याला नोकरीत कायम केल्याच्या पत्रावर बाईंनी सही केली होती.