मेश्रामभाऊंचा विदेश

मेश्रामभाऊ दर मंगळवारी विदेशात जातात आणि बुधवारी सकाळी फोडणी द्यायला परत हजर असतात. कोहमाऱ्याच्या ज्या धाब्यावर ते स्वयंपाकी आहेत, तिथे ही गोष्ट गल्ल्यावरच्या शेठपासून भांडी घासणाऱ्या बाईपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. एखादा नवा ट्रकवाला विचारतो, ‘‘कौनसे देश जाते हो, दादा?’’ मेश्रामभाऊ कढईच्या काठावर झारा आपटून सांगतात, ‘‘दरेकसा के आगे.’’

दरेकसा म्हणजे आमच्याच गोंदिया जिल्ह्याचं टोक. डोंगर, जंगल आणि एक लहानसं स्टेशन. तिथून चढाने चालत गेलं की भाऊंचं गाव. पण भाऊंचं म्हणणं असं, की जिथलं पाणी, हवा आणि माणूस इथल्यासारखं नाही तो विदेश. धाब्यावरचं पाणी पिऊन ते रोज तोंड वाकडं करतात. ‘‘हे पानी होय? आमच्या विदेशात या पान्यानं बैल धूत नाईत.’’ पनीर कापताना म्हणतात, ‘‘हे काईच नाई.’’ बिर्याणीचं झाकण उघडल्यावर सगळा धाबा वळून बघतो, तेव्हाही म्हणतात, ‘‘हे काईच नाई.’’

मी शेजारच्या टायरच्या दुकानात काम करतो. गाव सांगोल्याकडचं. आठवीत शाळा सुटली, तेव्हापासून काम जिकडं नेईल तिकडं. इथं आलो तेव्हा ओळखीचं कुणी नव्हतं, बोलीसुद्धा धड कळत नव्हती. धाब्याच्या कडेला उभा होतो, तर मेश्रामभाऊंनी ताट पुढं सरकवलं. ‘‘खा आधी. मंग सांग कोन होय तं.’’ ते ताट मी विसरणार नाही.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत माझी बायको सुनंदा आणि आमची मुलगी ऋतुजा गावाहून आल्या. सुट्टी संपल्यावर त्यांनी परत जायचं की इथंच माझ्याजवळ राहायचं, हे ठरायचं होतं. राहा म्हणायची मला हिंमत होईना. खोली लहान, दारात हायवे, तिन्ही वेळा भात. तिला आवडलं नाही तर? हे मी फक्त मेश्रामभाऊंना बोललो. त्यांनी डाळ चाखली, मीठ टाकलं आणि म्हणाले, ‘‘सूनबाईले विदेश दाखवा लागते.’’

मग भाऊंचे नियम सुटले. आधार कार्ड सोबत पाहिजे. अत्तर लावायचं नाही, जंगलात मधमाशा बसतात. घोंगडी घ्यायची, विदेशात उन्हातसुद्धा थंडी असते. मी सगळं केलं. बस गोंदियाला पोचेपर्यंत चार वेळा आधार कार्डं चाचपली.

पॅसेंजरमध्ये भाऊंनी ऋतुजाला खिडकी दिली. सालेकसा गेलं तसे ते म्हणाले, ‘‘आता हवा बदलते. पाहा वास घेऊन.’’ आम्ही तिघांनी श्वास ओढला. समोरच्या बाकावरच्या म्हाताऱ्यानंही ओढला.

‘‘भज्यांचा वास येतोय,’’ ऋतुजा म्हणाली.

‘‘ते भी आमच्याकडचेच,’’ भाऊ म्हणाले.

दरेकशाला उतरून चालायला लागलो. बांधांमध्ये कापलेलं धान आडवं पडलं होतं. गाव जवळ येताच भाऊंची चाल बदलली. दिसेल त्याला थांबवून सांगू लागले, ‘‘विदेशी पावणे आणले. सोलापूरचे.’’

धानाच्या कडप्या बांधणारी एक म्हातारी उभी राहिली. तिचं नाव शेवंताबाई, भाऊंची शेजारीण. ‘‘सोलापूर कुटी आहे बापा?’’

‘‘पार तिकडं, पंढरीकडं,’’ मी म्हणालो.

‘‘मंग पोटासाठी एवढ्या दूर कायले आले? तिकडं टायर नाईत का?’’

सुनंदा म्हणाली, ‘‘मीबी यांना हेच विचारते, आजी.’’ ती हसतच म्हणाली, पण मी घोंगडी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

भाऊंचं घर मातीचं, कौलारू, अंगण सारवलेलं. दाराला आतून कडी. भाऊ आम्हाला म्हणाले, ‘‘थांबा इथंच. कोनी हलू नोका.’’ आणि ते घराला वळसा घालून दिसेनासे झाले.

आम्ही उभे. मागच्या दाराचं कुलूप वाजलं, आत भांडं वाजलं. मग समोरचं दार उघडलं आणि मेश्रामभाऊ बाहेर आले. हातात पाण्याने भरलेला पितळी गडवा. जणू काही आम्हाला आताच पाहिलं अशा चेहऱ्यानं म्हणाले, ‘‘अरे, या या. आले का? रस्त्यानं तरास तं नाई झाला?’’

सकाळपासून आमच्यासोबत बस, रेल्वे आणि चढ चढून आलेला माणूस हे विचारत होता. सुनंदानं पदर तोंडाला लावला. ऋतुजाला मात्र यात काहीच वावगं वाटलं नाही. ती म्हणाली, ‘‘नाही झाला. रस्त्यात एक काका भेटले, त्यांनी खिडकी दिली.’’

‘‘चांगला मानूस दिसते,’’ भाऊ म्हणाले आणि तिच्या पायांवर पाणी ओतलं.

सुनंदाला त्यांनी चुलीजवळ जाऊ दिलं नाही. ‘‘पावणे चुलीपाशी जात नाईत इथं.’’ आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली सुपात नवे तांदूळ, आणि परातीत, मी बघतच राहिलो, ज्वारीचं पीठ. आमच्यासाठी गोंदियाहून आणून ठेवलेलं. शंभर माणसांचा स्वयंपाक एका हाताने करणारा माणूस भाकरी थापताना घामाघूम झाला होता. पहिली चिरली. दुसरी तव्यावर टाकताना दुमडली. तिसरीला तीन कोपरे आले. ‘‘हे काईच नाई,’’ ते तिच्याकडे पाहून पुटपुटले. हे वाक्य त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदाच खरं म्हटलं.

शेवंताबाई चटणी घेऊन आली आणि ओसरीवर सुनंदाजवळ टेकली. सुनंदानं हळूच विचारलं, ‘‘आजी, हे मागनं जाऊन पुढनं का आले हो?’’

‘‘तो दर मंगळवारी तसाच येते.’’

‘‘पाहुणे असले की?’’

‘‘कुटचे पावणे? एकटाच येते. मांगून आत जाते, समोरून गडवा घेऊन बाहेर येते, ‘आले का’ म्हनते. मंग आंगनात उतरून सोताचेच पाय धुते.’’ शेवंताबाईनं चटणीची वाटी पदरानं पुसली. ‘‘याची बायको कौसल्या होती तवा तीच ठेवे पानी. हा रायपूरच्या रस्त्यानं धाबे करत फिरे. दोन-दोन महिने तोंड नाई दाखवे. आता ती नाई, तं हप्त्याले येते.’’

आत भाकरी थापल्याचा आवाज थांबला होता. शेवंताबाईला खालच्या आवाजात बोलायची सवय नव्हती.

भाऊ बाहेर आले, ताटं मांडली. काही वेळानं कुणाकडेही न बघता म्हणाले, ‘‘घरी आलेल्या मानसाले कोनी तं ‘आले का’ म्हना लागते ना.’’ आणि ऋतुजाच्या ताटात भात वाढला.

सुनंदानं तीन कोपऱ्यांची भाकरी मागून घेतली आणि सगळी खाल्ली.

संध्याकाळी ते आम्हाला स्टेशनपर्यंत सोडायला आले. खरं तर त्यांचा रात्रीचा मुक्काम असतो, पण म्हणाले, ‘‘पावण्याले अर्ध्यात सोडत नाईत,’’ आणि आमच्याबरोबरच परतीचं तिकीट काढलं. फलाटावर आम्ही चौघं आणि एक कुत्रं. डोंगरावरून खरंच गार वारा सुटला. घोंगडी ऋतुजाभोवती गुंडाळून सुनंदा माझ्याशेजारी बसली.

‘‘अवो, तुम्ही दुकानातनं खोलीवर आल्यावर कोण असतं?’’

‘‘कोण असणार? मी कुलूप काढतो, आत जातो.’’

तिनं ऋतुजाभोवतीची घोंगडी सारखी केली. मी तिकिटं चाचपत बसलो. मग ती म्हणाली, ‘‘कोहमाऱ्याची शाळा उघडली की ऋतूला घेतील का, विचारून या. भाकरी मी करीन. भाऊंच्या हातची नको.’’

दिवसभर तोंड बंद न ठेवलेले मेश्रामभाऊ दोन हात अंतरावर उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं असणार. मला वाटलं, आता विदेशाच्या हवेचा गुण सांगतील. पण ते आमच्याकडे पाठ करून रुळांकडे बघत राहिले, गमछ्यानं तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘‘गाडी येऊन रायली.’’

गाडीचा कुठं पत्ताही नव्हता.