पळून जाण्याचा तास

ही गोष्ट १९६६ सालची. नाताळची सुट्टी संपवून आम्ही मनिलापासून दूर, आमच्या सान्ता मोनिका गावच्या सरकारी हायस्कुलात परतलो, तर सूचनाफलकावर जिल्हा शिक्षण कचेरीचा आदेश लागलेला होता. शेवटच्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने डॉन इलारियोन आबानिया यांचं 'नदीपाशी वाढलेला मुलगा' हे आत्मचरित्र वाचावं आणि त्यावर उत्स्फूर्त चिंतन लिहून शुक्रवारी दुपारपर्यंत वर्गशिक्षिकेकडे द्यावं. उत्स्फूर्तता दोन पानांपेक्षा कमी नसावी.

डॉन इलारियोन अकरा वर्षांचे असताना शाळेच्या मागच्या कुंपणातून पळाले होते. पुढची काही वर्षं ते नदीवर एका रेडेवाल्याच्या सोबतीने राहिले. आभाळ वाचायला, पोहायला आणि गप्प बसायला तिथेच शिकलो, शाळेने मला काहीच शिकवलं नाही, असं त्यांनी पानोपानी लिहिलं होतं. आता ते प्रांताच्या शिक्षण मंडळाचे अध्यक्ष होते. त्यामुळे शाळेने काही शिकवलं नाही हे सांगणारं पुस्तक सगळ्या शाळांना सक्तीचं झालं.

शाळेत त्याची एकच प्रत आली. मुलांचे हात लागून ती खराब होऊ नये म्हणून मुख्याध्यापक मिस्टर पाल्मारेस यांनी ती आपल्या खोलीतल्या काचेच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. वाचायचं काम आमच्या वर्गशिक्षिका मिस तुपास यांनी सोपं करून दिलं. त्यांनी फळ्यावर सारांश लिहिला आणि शेजारी चिंतनाचा आराखडा.

"पहिल्या परिच्छेदात कुठल्या प्रसंगाने तुमचं मन हेलावलं ते लिहा," त्या म्हणाल्या. "दुसऱ्यात ते हेलावू द्या. तिसऱ्यात निश्चय करा. भाषा स्वतःची वापरायची. मी फळ्यावर दिलीच आहे."

"मॅम, आणि मन हेलावलंच नाही तर?" रिकार्ते विचारता झाला. हा आमच्या गावच्या महापौरांचा मुलगा. तो वर्गात असणं हीच बातमी असायची. उरलेले दिवस तो कोंबड्यांच्या झुंजीच्या मैदानात सापडे.

"पाच गुण कमी."

"मग हेलावलं, मॅम."

माझ्या शेजारी बसणारी लिओनिला मात्र फळ्याकडे बघत नव्हती. पहिलीपासून तिचा पहिला नंबर कधी चुकला नव्हता आणि शाळेचा एक दिवसही बुडाला नव्हता. गालगुंड झालं तेव्हा ती डोक्याभोवती फडकं बांधून आली होती, आणि मिस तुपासनी आम्हा बाकीच्यांना तिच्यापासून लांब बसवून तिची हजेरी लावली होती. आमच्याकडे शेवटच्या वर्षाला जो पहिला येई त्याला इलोइलोच्या शिक्षक महाविद्यालयात फुकट प्रवेश मिळे. दुसरा येणाऱ्याला टाळ्या मिळत. लिओनिलाला शिक्षिका व्हायचं होतं. तिची आई, म्हणजे आमच्या भाषेत नानाय, ओसांग चर्चच्या दाराशी तांदळाचे वाफवलेले पुतो विकायची. पुतोवर पोट भरे, कॉलेज होत नसे. तेव्हा पहिला नंबर हा एकच रस्ता होता, आणि ती त्यावरून दहा वर्षं सरळ चालत आली होती.

पदवीदानाच्या दिवशी पहिल्या आलेल्याला पदक लावायला आई किंवा बाप व्यासपीठावर चढतो. नानाय ओसांगने उशीला पिन टोचून टोचून सराव केला होता. अंगणात त्या दिवसासाठी डुक्कर पोसलं होतं.

रोज सकाळी झेंडावंदनाच्या आधी मुख्याध्यापकांची खोली झाडायचं काम लिओनिलाकडे होतं आणि म्हणून कपाटाची किल्लीही. तिने ते पुस्तक उभ्याउभ्या, हातात फडकं धरून, अख्खं वाचलं. आणि वाचल्यामुळे पंचाईत अशी झाली की आराखड्यात न बसणारं काहीतरी तिच्या डोक्यात आलं.

तिने लिहिलं: "हे पुस्तक मला आवडलं. लेखकाला नदीने शिकवलं, कारण तिथे त्याला कुणी प्रश्न विचारून लगेच उत्तर सांगत नव्हतं. मी दहा वर्षं रोज शाळेत आले. मला सगळी उत्तरं येतात. लेखकाला पडले तसले प्रश्न मला अजून पडले नाहीत. शाळेने आम्हालाही थोडा वेळ मोकळं सोडलं तर बरं होईल. मी शिक्षिका झाले की सोडीन."

मिस तुपासनी तिला बोलावून घेतलं. "लिओनिला, यात हेलावणं कुठेय?"

"ते वाचताना झालं, मॅम. लिहिताना मग विचार केला."

"विचार कुणी करायला सांगितला होता? चिंतन सांगितलं होतं ना!"

पण अक्षर सुरेख होतं. मिस्टर पाल्मारेसनी न वाचता तेच चिंतन शाळेचं सर्वोत्तम म्हणून जिल्हा कचेरीला पाठवलं. तिथे पर्यवेक्षक मिस्टर बुएनाफ्लोर यांनी ते वाचलं. म्हणजे "मोकळं सोडलं तर बरं होईल" या वाक्याखाली कुणीतरी रेघ मारली होती, ते वाक्य वाचलं. डॉन इलारियोन यांची मर्जी राखायला ते असंच काहीतरी शोधत होते. महिन्याच्या आत दुसरा आदेश आला. सान्ता मोनिका हायस्कुलात 'पर्यवेक्षित पलायन' हा विषय प्रायोगिक तत्त्वावर सुरू करण्यात येत आहे. शंभर गुण. उत्तीर्ण होणं अनिवार्य. अनुत्तीर्ण विद्यार्थी गुणानुक्रमासाठी अपात्र.

लिओनिला त्या दिवशी हरखून गेली होती. "आपलं ऐकलं गं त्यांनी," ती मला म्हणाली. आपलं कुणी ऐकणं किती धोक्याचं असतं ते कळायचं आमचं वय नव्हतं.

मंगळवारी तिसरा तास पळून जाण्याचा ठरला. घंटा झाली की मुलांनी मागच्या कुंपणातून आणि मुलींनी पुढच्या फाटकातून, दोघादोघांच्या रांगेत, आवाज न करता पळायचं. मागच्या कुंपणाला भोक नव्हतं. होतं ते मागच्याच वर्षी शिस्तीसाठी बुजवलेलं होतं. मग सुताराला बोलावून रीतसर भोक पाडलं, त्याला चौकट बसवली, वर पाटी लावली आणि गावच्या पाद्रीबाबांकडून त्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. नदीवर गेल्यावर चिंचेखाली बसून आभाळाकडे बघायचं. काय दिसलं ते परत येऊन मिस तुपासनी दिलेल्या पर्यायांतून निवडायचं.

पुस्तकात रेडेवाला होता, म्हणून रेडेवालाही हवा होता. नदीवर इमो नावाचा म्हातारा खराखुरा रेडा चारायचा. मिस्टर पाल्मारेस त्याला भेटायला गेले आणि तोंड वाकडं करून परत आले. इमोकडे अध्यापनाचं प्रमाणपत्र नव्हतं.

"मग रेडा तरी चालेल का, सर?" इमोने विचारलं. "त्याच्याकडेही नाहीये."

रेडा चालला. तो शैक्षणिक साहित्यात बसत होता. रेडेवाल्याचं काम कवायतीच्या मास्तरांना दिलं. ते शिट्टी वाजवून आम्हाला गप्प बसायला शिकवत.

शिवाय आमच्या शाळेचा जुना नियम होता की गैरहजर राहायचं तर पालकाची चिठ्ठी हवी. पळून जाणंही त्यातच आलं. लिओनिला चिठ्ठीवर सही घ्यायला घरी गेली तेव्हा मी सोबत होते. नानाय ओसांग चुलीपुढून उठलीच नाही.

"शाळेतून पळायला माझी परवानगी? आणि मी परवानगी दिली तर ते पळणं कसलं गं, पोरी?"

"परवानगीशिवाय पळणं म्हणजे बेशिस्त, नानाय. मॅम म्हणाल्या."

"लहानपणी एकदा मी पळाले होते, तर बापाने शेकाटलं होतं. तेव्हा गुण देत नव्हते ना! नाहीतर आज मीच मुख्याध्यापक असते." आणि तिने हात पुसून सही केली. मुलीच्या पहिल्या नंबरासाठी तिने कशावरही सही केली असती.

लिओनिलाने हाही विषय मन लावून केला. ती रांगेत सर्वांत नीट पळे. आभाळाचे पर्याय तिचे कधी चुकले नाहीत.

मार्चमध्ये परीक्षा आली. मिस्टर बुएनाफ्लोर जातीने येणार होते. वर्ग पूर्ण रिकामा असला की शंभर टक्के निकाल, असा साधा हिशेब होता. पण जिल्ह्याचा साहेब येणार आणि फाटकात कुणी नाही, हे आमच्या गावात कसं शोभेल? फुलांची माळ, स्वागताचं भाषण, हे झाल्याशिवाय साहेब आला असं कुणी मानलंच नसतं. मिस्टर पाल्मारेस म्हणाले, "स्वागताचं भाषण पहिल्या नंबराचा विद्यार्थी करतो. लिओनिला, तू थांब."

"सर, पण परीक्षा?"

"अगं, साहेबांचं स्वागत करायला थांबलीस म्हणून साहेब तुला नापास करतील होय? काहीतरीच!"

घंटा झाली. आम्ही सगळे पळालो. लिओनिला सांपागिताच्या फुलांची माळ घेऊन फाटकात उभी राहिली. पुढचं तिनेच मला सांगितलं. साहेब आले, माळ घातली, भाषण झालं. साहेब प्रसन्न झाले. मग त्यांनी रिकामे वर्ग पाहिले आणि आणखी प्रसन्न झाले. परत निघताना त्यांची नजर तिच्यावर पडली.

"ही कोण?"

"आमची पहिली विद्यार्थिनी, सर," मिस्टर पाल्मारेस म्हणाले.

"ती इथे काय करतेय?"

"आपलं स्वागत, सर."

"ते झालं. पण पलायनाच्या वेळी ती शाळेत हजर होती?"

मिस्टर पाल्मारेसनी छताकडे पाहिलं. छताने काही मदत केली नाही. "तसं पाहिलं तर... हो, सर."

"सर, मला थांबायला सांगितलं होतं," लिओनिला म्हणाली.

"डॉन इलारियोनना थांबायला कुणी सांगितलं नसेल?" साहेब मायेने म्हणाले. "सगळी शाळा सांगत होती. तरी ते पळाले. तीच तर परीक्षा आहे, बाळ."

"मी हजर राहिले हा माझा गुन्हा का?"

"छे छे, गुन्हा कसला! फक्त अनुत्तीर्ण."

फेरपरीक्षा घेता येत नव्हती, कारण पर्यवेक्षक निघून गेल्यावर होणारं पलायन पर्यवेक्षित कसं म्हणायचं? दुसऱ्या दिवशी लिओनिलाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या मनाने काहीतरी केलं. गणिताच्या तासाला ती उठली, कुणाला न विचारता मागच्या कुंपणातून निघाली आणि संध्याकाळपर्यंत नदीवर बसली. चिठ्ठी नव्हती, रांग नव्हती, शिट्टी नव्हती. डॉन इलारियोन पळाले होते अगदी तशी ती पळाली.

मिस तुपासनी तिची गैरहजेरी लावली. विनापरवाना. वर मुलींसाठी पुढचं फाटक असताना मुलांच्या दारातून गेल्याबद्दल वर्तणुकीचे दहा गुण कापले. दहा वर्षांच्या अखंड हजेरीची फीतही गेली.

नानाय ओसांग मुख्याध्यापकांच्या खोलीत आली तेव्हा आम्ही खिडकीखाली होतो. ती ओरडेल असं वाटलं होतं. ती खुर्चीतही बसली नाही.

"सर, माझी पोर परवा राहिली म्हणून नापास आणि काल गेली म्हणूनही नापास. मग तिने कुठे असायला हवं होतं तेवढं सांगा. मी तिथे तिला पाठवते."

मिस्टर पाल्मारेस माणूस वाईट नव्हते. त्यांनी खरंच विचार केला. "नानाय ओसांग," ते म्हणाले, "हा प्रश्न लेखी द्या. वर पाठवतो."

पलायनात सर्वाधिक गुण कुणाला द्यायचे हे ठरवताना शाळेच्या समितीने हायस्कुलातल्या चारही वर्षांची कामगिरी लक्षात घ्यायचं ठरवलं. त्या कसोटीवर रिकार्तेच्या जवळपासही कुणी नव्हतं. सातत्य, धाडस, स्वयंप्रेरणा, सगळं होतं. शंभरपैकी शंभर. बाकीच्या विषयांतही त्याला हात देणं भाग पडलं, कारण पलायनात शंभर आणि बीजगणितात चाळीस असं दिसलं तर पलायनाचा शैक्षणिक उपयोग काय, असं वरून विचारलं असतं. तो पहिला आला. सगळ्यांत जास्त धक्का त्यालाच बसला. "आयला, मी आता कॉलेजात जायचं?" तो मला म्हणाला. "मी काय केलंय एवढं?"

पदवीदानाला महापौरीणबाईंनी पदक लावलं. त्यांना पिन जमेना. पहिल्या रांगेतून नानाय ओसांग उठली, व्यासपीठावर चढली, पिन नीट लावून दिली आणि खाली आली. कुणी टाळ्या वाजवायच्या की नाही, हे कार्यक्रमपत्रिकेत नव्हतं. म्हणून कुणी वाजवल्या नाहीत. तिचं डुक्कर महापौरांच्या मेजवानीत भाजलं गेलं. मीही खाल्लं. चांगलं पोसलेलं होतं.

त्यानंतर बरीच वर्षं गेली. मिस्टर बुएनाफ्लोर मनिलाला बढतीवर गेले आणि तिथे त्यांनी पलायनाचं पाठ्यपुस्तक लिहिलं, सरावप्रश्नांसह. मिस्टर पाल्मारेस निवृत्त झाले. नानाय ओसांगचा लेखी प्रश्न त्यांनी खरोखर वर पाठवला होता, आणि त्याची पोच आली होती. मिस तुपासनी कधी लग्न केलं नाही. शेवटी शेवटी त्या कुणी भेटायला गेलं की विचारत, तुमचं मन हेलावलं का? इमोचा रेडा म्हातारा होऊन मेला. शैक्षणिक साहित्याच्या यादीतून त्याचं नाव काढायला एक सबंध वर्ष लागलं. रिकार्ते शिक्षक महाविद्यालयातून पहिल्याच महिन्यात पळाला, पुढे निवडून आला, आणि शाळेतल्या सक्तीच्या हजेरीचा कायदा त्यानेच मांडला. डॉन इलारियोन यांच्या नावाने प्रांतात आता एक शाळा आहे. तिला उंच भिंत आहे. नानाय ओसांग पुतो विकतच गेली.

लिओनिला हाँगकाँगला घरकामाला गेली. पस्तीस वर्षं तिने दुसऱ्यांची मुलं सांभाळली आणि रात्री त्यांचे गृहपाठ करून घेतले. ती मुलं शाळेत पहिली येत. त्यांच्या आया पदक बघून खूश होत आणि लिओनिलाला त्या दिवशी लवकर झोपायची परवानगी देत.

ही गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. प्रत्येक जण चुकचुकतो आणि म्हणतो, अरेरे, तिचा पहिला नंबर गेला. तुम्हीही आत्ता तेच म्हणालात. डॉन इलारियोन यांचं ते पुस्तक कसं होतं, हे मला आजवर कुणी विचारलेलं नाही.