नीळगडच्या भिंतींवरील लिपी वाचिल्याची हकीकत

श्री.

नमन लिहिणारांस, नमन वाचणारांस, आणि ज्यांचे लिहिलेले कोणी वाचिलेच नाही त्यांस नमन दोन वेळा. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात लिपीचा थोर खटला जाहला, त्याची हकीकत येणेप्रमाणे. राज्याचे नाव येथे घालीत नाही. ज्याने त्याने आपापल्या दारावरची पाटी पाहावी.

त्या राज्यात प्रजेस दोन मुलूख होते. एक पायांखालचा, त्यात खड्डे बहुत. दुसरा पडद्यावरचा, त्यास व्हिडिओ गेम म्हणत, त्यात गड, अरण्ये, राक्षस, आणि मेल्यास पुन्हा उठावे ऐसी सोय. प्रजा पहिल्या मुलुखात नाइलाजाने राही आणि दुसऱ्यात मनापासून नांदे. ऐशा गेमांत नीळगड सर्वांत थोर, आणि तो ज्या कारखान्यात घडला त्याच्या मालकसरकारांचा दबदबा ऐसा की ते शिंकले तरी प्रजा मुजरा करी. त्या नीळगडच्या तटांवर, बुरुजांवर आणि शेवटच्या महाद्वारावर अनोळखी लिपीत मजकूर कोरिला होता, तो कोणास वाचिता येईना. मग प्रजेने सरकारांस पुसले, ‘महाराज, हे काय लिहिले आहे?’ सरकार गालात हसले आणि बोलिले, ‘शोधाल तर सापडेल.’ खरी गोष्ट ऐसी की त्यांसही ठाऊक नव्हते. परंतु झाकली मूठ सव्वा लाखाची, ती आपल्या हाताने उघडितो कोण?

लिपी काढणारा विसाजी चितारी, कारखान्यात गेममधल्या भिंती रंगविण्याच्या कामावर होता. सरकारांनी फर्माविले की भिंती पुरातन दिसाव्या, सबब त्यांवर काहीही गिचमीड काढावी, आणि विसाजीने काढिली. कारखान्याचा रिवाज ऐसा की गेम पुरा होईतो आतल्या मनुष्याने बाहेर एक अक्षर धाडू नये, फोन दरवाजावर जमा करावा, न जाणो गेमचे गुपित फुटेल. घरचा निरोप आला तर कारभारी तोंडी सांगे, उलट निरोप जात नसे. विसाजी आत गेला तेव्हा त्याची लेक रांगत होती. मग गेम लांबत गेला, वर्षे लोटली, आणि महाद्वार रंगवून होताच विसाजी छातीच्या दुखण्याने तेथेच वारला. कारखान्याने शव घरी पोचते केले, सोबत शाल व नारळ दिला, आणि गेमच्या अखेरीस घडविणारांची नावे दाखवितात त्यात सरकारांच्या कुत्र्याचे नाव मानाने आले, विसाजीचे आले नाही.

त्याची बायको भागूबाई, जिभेची तिखट. ती लेकीस म्हणे, ‘तुझ्या बापाला भिंतींची माया होती, माणसांची नव्हती. एक शब्द धाडला नाही मेल्याने.’ हे ऐकत लेक मोठी जाहली, तिचे नाव सुभद्रा, आणि जुन्या लिप्या उलगडण्याची विद्या शिकोन ती नीळगडच्या लिपिमंडळात जाऊन बसली. तेथे जो तो कीर्तीसाठी झटत होता. सुभद्राबाईस एवढेच जाणावयाचे होते की भिंतींशी बसलेल्या बापास घरची आठवण होती की नव्हती. होती ऐसे निघाले तर आईच्या उरावरचा धोंडा उतरेल. नव्हती ऐसे निघाले तर निदान आजवरच्या शिव्या योग्य माणसास गेल्या ऐसे समाधान होईल. हे तिने मंडळात कोणास सांगितले नाही, कारण विद्वानांस दुसऱ्याचे दुःख कळले की ते त्यावर टिपण लिहितात.

मंडळाचे मुख्य अच्युतपंत. अंगावर जरीचे उपरणे, बोलण्यात जरी त्याहून अधिक. मंडळाचा रिवाज त्यांनीच घातला होता, तो ऐसा: ज्याने जे वाचिले ते खेळणारी सगळी प्रजा पाहील, ज्यास आवडेल तो पसंतीचा अंगठा देईल, आणि ज्या वाचनास अंगठे अधिक तोच लिपीचा खरा अर्थ म्हणोन शिक्का बसेल. एकदा सुभद्राबाईने पुसले, ‘पंत, लिहिणाराने काय लिहिले ते अंगठ्यावर कसे ठरेल?’ पंत बोलिले, ‘बाई, लिहिणारा एक, वाचणारे अनेक. लोकशाही आहे.’ मंडळीने माना डोलाविल्या. राजा बोले दळ हाले.

आता लिपीचे वर्म ऐसे की प्रत्येक भिंतीचा मजकूर एकाच लहान शब्दाने उघडत होता: पहिले चिन्ह, पुन्हा तेच चिन्ह, आणि दुसऱ्यास एक शेपूट. पंतांचे मत, हे नीळगडच्या आद्य राजाचे नाव. मग मंडळाने पुराणे, वंशावळ्या, ताम्रपट धुंडाळिले, राजांची नावे एकामागून एक लावून पाहिली, आणि एकाने कुलूप हलेना. सुभद्राबाईही राजेच शोधीत होती. मग एके दिवशी भर दुपारी ती ऐसीच डोके धरून बसली असता भागूबाईने स्वयंपाकघरातून हाक मारिली, ‘बबी, अगं ए बबी, पान वाढलंय, भात निवतोय!’ सुभद्राबाई उठू लागली आणि उठता उठता मटकन खाली बसली. घरातले तिचे नाव बबी. तिने ते त्या शब्दावर लाविले, ते बसले. मिळालेली अक्षरे पुढच्या शब्दांत घातली, तेही उघडले. आणि सायंकाळ होईतो सगळा नीळगड तिच्यापुढे घडाघडा बोलू लागला. भात तसाच राहिला.

पहिल्या तटावर लिहिले होते, ‘बबी, तू चालू लागलीस असे कारभारी म्हणाला. मी या तटाला शेवाळ काढीत होतो.’ बुरुजावर लिहिले होते, ‘बबी, गोवर उतरला का? रजा मागितली, नाही म्हणाले.’ ऐसे प्रत्येक भिंतीवर. आणि महाद्वारावर, ‘बबी, एवढे दार झाले की घरी येतो.’ सुभद्राबाईने हे वाचिले आणि ती तोंडात पदराचा बोळा घालून रडली, आणि रडून झाल्यावर तिला बापाचा राग आला की इतके लिहिणारा माणूस एकदा भांडून निघोन का आला नाही. मग तो रागही बापावर फार वेळ टिकेना, कारखान्याकडे वळला.

तिने आईस सगळे वाचून दाखविले. भागूबाई तांदूळ निवडत होती, ती निवडतच राहिली. म्हणाली, ‘तू त्याची लेक. तुला ढगातसुद्धा बाप दिसायचा. मला हे खोटं खोटं गोड नको.’ सुभद्राबाई म्हणाली, ‘आई, अक्षर न् अक्षर लागतंय गं!’ तेव्हा भागूबाई बोलिली, ‘मला मेलीला काय कळतंय त्यातलं? तुमच्या त्या मोठ्या मंडळींनी शिक्का मारू दे. मग मानीन, आणि त्याच्या तसबिरीला हार घालीन. आजवर घातला नाही.’ ऐसा पेच पडला. सत्य हातात, आणि ते मान्य होणे प्रजेच्या अंगठ्यावर.

मग मंडळाचा दरबार भरला आणि सगळी प्रजा आपापल्या पडद्यावर पाहावयास बसली. आधी अच्युतपंत उठले. पहिला शब्द राजाची मुद्रा म्हणोन सोडून त्यांनी फक्त महाद्वाराचा मजकूर वाचिला, तो ऐसा: ‘निळ्या तख्ताचा वारस परतेल, तेव्हा हे द्वार उघडेल.’ उरलेल्या भिंतींस त्यांची किल्ली लागेना, सबब ती नक्षी आहे ऐसे त्यांनी सांगितले, आणि सोबत ढोल वाजविला. प्रजेच्या अंगावर रोमांच उभे राहिले. मग सुभद्राबाई उठली आणि तिने सगळ्या भिंती ओळीने वाचिल्या, कोणते चिन्ह कोठे कसे लागते ते दाखविले, आणि हा माझा बाप हेही सांगितले. मग पंत बोलिले, ‘बाईंचा कंठ दाटला, आमचाही दाटला. परंतु विचार करा, एवढा थोर गेम, एवढी गूढ लिपी, आणि आत काय? तर पोरीचा गोवर? एवढ्यासाठी कोणी लिपी लपवितो?’

सुभद्राबाई म्हणाली, ‘पंत, उघड लिहिता आले असते तर त्याने पत्र लिहिले असते. गोवराचे विचारायलाही जिथे बंदी, तिथे माणूस लपवूनच विचारणार. आणि माझी किल्ली सगळ्या भिंतींना लागते, तुमची एका दाराला. तुम्ही कुलूप उघडले नाही, दारावर आपले नाव टांगले आहे.’

हे बोलणे खरे होते आणि तिखट होते, आणि त्या राज्यात दोन्ही एकत्र चालत नसे. शिवाय प्रजेचे म्हणणे ऐसे पडले की आम्ही राक्षस मारीत इतकी वर्षे त्या दाराशी गेलो, ते काय कोणा चिताऱ्याच्या घरचा निरोप वाचावयास? घरचे रडगाणे घरी आहेच. आम्हांस वारस पाहिजे, तख्त पाहिजे. कारखान्याचा कारभारीही दरबारात बसला होता. ‘रजा मागितली, नाही म्हणाले’ ही ओळ ऐकताच त्याचे तोंड कडू कारले खाल्ल्यागत जाहले, आणि त्याने पंतांच्या वाचनास सर्वांदेखत पहिला अंगठा दिला. मग काय विचारता! अंगठ्यांचा पाऊस पंतांवर पडला. सुभद्राबाईच्या वाचनास मंडळाने ‘हृद्य कल्पना’ म्हणोन एक प्रशस्तिपत्र दिले आणि छायाचित्र काढिले, त्यात पंत मध्यभागी उभे राहिले.

पुढे मालकसरकारांनी पाहिले की अर्थ फुकट मिळाला आणि प्रजेस आवडला, तेव्हा ते पुन्हा गालात हसले आणि बोलिले, ‘आमच्या मनातले पंतांनी ओळखिले.’ मग नवा अपडेट काढावयाचा हुकूम जाहला. त्यात वारस आला, तख्त आले, आणि जुन्या भिंतींवरचा मजकूर पुसून त्याच लिपीत, परंतु पंतांच्या किल्लीप्रमाणे, वारसाचा मजकूर चहूकडे लिहावा ऐसे ठरले. सुभद्राबाईने कारभाऱ्याकडे जाऊन विनविले, ‘सगळे पुसा, एक तट राहू द्या.’ कारभारी म्हणाला, ‘ताई, भावना समजतात हो. पण एकसारखेपणा बिघडतो.’

ही खबर घरी यावयास उशीर लागला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी भागूबाई न्हाऊन, धुवट लुगडे नेसून लेकीपुढे येऊन बसली आणि म्हणाली, ‘शिक्का गेला चुलीत. पुसायला इतके धावले म्हणजे खरंच असणार. खोट्याला कोणी इतकं घाबरत नाही. दाखव मला ती भिंत.’ जन्मात गेमला हात न लाविलेली बाई पडद्यापुढे मांडी घालून बसली, आणि सुभद्राबाईने गेम लाविला. अपडेट पहाटेच उतरला होता. तट तोच, शेवाळ तेच, आणि अक्षरेही विसाजीचीच, त्याच वळणाची. सुभद्राबाईने खरी किल्ली लावून ती वाचिली, तो नुसता खडखडाट निघाला. बापाचे अक्षर होते आणि त्यात मजकूर कोणाचाच नव्हता. तिला वाटले की शव घरी आणिले तेव्हाही बाप इतका मेला नव्हता.

भागूबाई पडद्यावर बोट ठेवून म्हणाली, ‘हे त्याचंच अक्षर. शेपटीला असाच फाटा द्यायचा, आमच्या लग्नात कलशावर काढला होता तसा. वाच ना गं, गप्प का?’

सुभद्राबाईने जन्मभर एकच व्रत पाळिले होते, की जे लिहिले आहे तेवढेच वाचावे. ती पुसल्या भिंतीकडे पाहात म्हणाली, ‘बबी, तू चालू लागलीस असे कारभारी म्हणाला.’ मग बुरुज वाचिला, मग महाद्वार वाचिले. भागूबाई डोळे न मिटता ऐकत होती. मग म्हणाली, ‘सगळं तुलाच. माझं नाव नाही कुठं?’

विसाजीने कोणत्याही भिंतीवर भागूबाईचे नाव लिहिले नव्हते, हे सुभद्राबाईस पक्के ठाऊक होते.

‘आहे की,’ ती म्हणाली, आणि जेथे वारसाचा मजकूर दाट होता तेथे बोट ठेविले. ‘भागू, एकटीने किती ओढशील. माझ्यावर रागाव, पण जेवत जा.’

‘खरंच लिहिलंय?’

‘लिहिलंय.’

भागूबाई उठली, आणि फुले आणावयास बाहेर गेली.

तात्पर्य काय, तर नीळगडची लिपी एकीने खरी वाचिली, ती नामंजूर जाहली; एकाने खोटी वाचिली, ती भिंतीवर चढली; आणि शेवटी जिने खरी वाचिली होती तिनेच खोटी वाचिली. त्या शेवटच्या वाचनास अंगठे मागितले नाहीत. ऐकणारी एकटीच होती, आणि तिने मान्य केले. हे इतके जाहले, ते लिहिले.