डाग

डाग द्यावा तर मीच! खडकीच्या लष्करी वर्कशॉपमधल्या नोकरीत चाळीस वर्षं मी वितळलेल्या कथलाने तारा जोडल्या. त्या जोडालाच आम्ही डाग म्हणतो. माझा एक डाग सियाचीनमध्ये अजून चमकतो म्हणे. कोण म्हणे ते विचारू नका, आता वाद घालायची ताकद राहिली नाही.

तर त्या दिवशी नात स्पृहा बाहेर पडताना कीबोर्ड माझ्यापुढे ठेवून गेली. चारला तिची नोकरीसाठी ऑनलाइन टायपिंगची परीक्षा, आणि नेमकी 'ए'ची कळ मेलेली. कळीखालचा नवा स्विच तिने आणला होता.

"आजोबा, जुना स्विच डाग न काढता निघतो का, एवढंच बघून ठेवा. नुसतं बघा."

आता बघायचं म्हणजे उघडायला नको? अकरा स्क्रू काढले. पाठीमागे प्रत्येक कळीखाली दोन-दोन चकचकीत डाग! म्हटलं, पोरीला काय कळतंय. इस्त्री तापवावी तशी डाग द्यायची सळई, म्हणजे सोल्डरिंग आयर्न, तापवली आणि 'ए'चे दोन्ही डाग उडवले. खालून एक काळं, झुरळाएवढं काहीतरी गळून पडलं. स्विच मात्र जागचा हलेना.

तेवढ्यात कथलाची तार संपली. "हेमा, जरा लक्ष ठेव गं, डाग काढतोय," असं बायकोला सांगून मी दुकान गाठलं.

परत येतो तो कीबोर्ड गॅलरीत, दोरीवर, माझ्या बनियनशेजारी. लिंबाचा वास येत होता.

"कुठे डाग आहे ते दिसेना," हेमा म्हणाली, "म्हणून सगळाच घासला."

तीनला स्पृहा आली. स्विचच्या पुडीतला छोटा चिमटा घेतला, 'एस'ची कळ काढून तिच्याखालचा स्विच धरला. टक! अलगद हातात.

"म्हणजे डाग न काढता निघतो?" मी विचारलं.

"सकाळपर्यंत निघत होता. तुम्ही काढलात तो स्विचचा डाग नव्हता, आजोबा. स्विच ज्यात बसतो त्या काळ्या खोबणीचा होता."

परीक्षा तिने शेजारच्या वेणूबाईंच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या लॅपटॉपवर, कुकरच्या शिट्ट्या ऐकत दिली. पास झाली. मला पेढा मिळाला, पण लांबून.

हेमा अजूनही तो मेलेला कीबोर्ड उजेडात धरून बघते. "काही म्हणा, डाग मात्र गेला."

कीबोर्डचा गेला हो. चाळीस वर्षांच्या नावाला लागलाय, तो कुठल्या लिंबाने काढू?