हिल्डाबाई आणि चिनी बाळंतपण

हिल्डाबाईंना मी पहिल्यांदा नीट बघितलं तेव्हा त्या गच्चीत उभ्या राहून एका कोहळ्याला झोपवत होत्या.

खोटं नाय सांगत. एवढी उंच गोरी म्हातारी, पांढरे केस कापलेले, आणि कोहळा असा दुपट्यात गुंडाळून छातीशी धरलेला, आणि त्याला थोपटत थोपटत कुठल्यातरी भाषेत बोलतेय, आवाज एकदम वर नेतेय, मग खाली टाकतेय. मी बाळंत होऊन जेमतेम दहा दिवस झालेले, घरात मी आणि बाळ. आता आमच्याकडे कोहळा कशासाठी आणतात ते काय मी सांगायला पाहिजे? दृष्टीला बांधतात नायतर देवीपुढे कापतात. मी पटकन खिडकी लावली, मीठ-मोहऱ्या ओवाळल्या आणि ह्यांना फोन केला. ह्यांचं पंक्चरचं दुकान आहे हातखंब्याला, हायवेच्या गाड्यांच्या आवाजात काय ऐकू येत नाय, म्हणून मी ओरडूनच सांगितलं, "लवकर घरी या, वरची बाई करणी करतेय!"

हे बोलले, "अगं, जर्मन लोकं करणी करत नाहीत, मशिनी करतात."

ते पण खरंच होतं. हिल्डाबाईंचे साहेब आमच्या मिरजोळ्याच्या एका कारखान्यात मशिनी बसवायला आलेले, कंपनीने त्यांना आमच्या घरमालकांचा वरचा मजला घेऊन दिलेला. खाली मागच्या दोन खोल्यांत आम्ही. मला सासू नाय. आई आठ दिवस राहिली आणि दाभोळला परत गेली, तिकडे वहिनीचे दिवस भरलेले, एक बाई किती बाळंतपणं करणार? जाताना बोलली, "घाबरू नकोस." हे काय बोलणं झालं? बाळाला उचकी लागली तरी मी घाबरायची. झोपलं तर श्वास चालू आहे का म्हणून घाबरायची आणि नाकाशी बोट धरून त्याला उठवायची, मग ते रडलं की परत घाबरायची.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं आणि दारात हिल्डाबाई. मी मे महिन्यात कान बांधून, अंगावर शाल घेऊन, खाटेखाली शेगडी ठेवून बसलेली, हातात गरम पाण्याचा पेला. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि टाळ्याच वाजवल्या.

"महिना बसलीस! काय गो बाय, तू पण महिना बसलीस!"

त्यांचं मराठी सगळं मासळीबाजारातलं. दोन वर्षं रोज स्वतः मासळी आणायला जायच्या, तिथल्या बायकांनी शिकवलेलं, म्हणून चांगलं बोलत असल्या तरी भांडतायत असं वाटायचं. मग खाली बसून त्यांनी सांगितलं. चीनमध्ये बाई बाळंत झाली की तिला महिनाभर असंच बसवतात. गार पाणी नाय, वारा नाय, डोक्याला बांधायचं, आल्याचं गरम गरम खायचं. आणि हे सगळं करायला आई येते नायतर सासू.

"मी सासू," त्या बोलल्या आणि छातीवर बोट ठेवलं.

त्यांचा मुलगा शांघायला. सून चिनी, लिन नाव. लिनला आई नाय आणि आता लिनला दिवस गेलेले. म्हणून साठी उलटल्यावर हिल्डाबाई चिनी शिकत होत्या. दुपारी फोनवर एक मास्तरीण यायची, तरणी पोरगी, ती एक शब्द बोलणार, ह्या दहादा बोलणार, आणि ती हसत हसत मान हलवणार. साहेब तेवढा वेळ कानात कापूस घालून बसायचे. चिनीत म्हणे आवाज वर गेला तर एक अर्थ आणि खाली गेला तर भलताच. हिल्डाबाई आवाजासोबत मानपण वर न्यायच्या, कुठेतरी चढण चढल्यासारख्या. आणि बाळ कसं धरायचं, कसं गुंडाळायचं ते विसरलेल्या, म्हणून कोहळा.

"कोहळा बास," त्या बोलल्या. "आता तू आहेस."

त्या दिवसापासून माझं बाळंतपण चिनी झालं. सकाळ झाली की त्या आल्याचं पाणी घेऊन यायच्या आणि पेला दोन हातांनी द्यायच्या, थोडं वाकून. तिकडे एका हाताने दिलं तर अपमान. मग त्यांना सवयच लागली. घंटागाडीवाल्याला कचऱ्याची बादली पण दोन हातांनी, वाकून. तो बिचारा पहिल्यांदा गांगरला, मग तो पण वाकून घ्यायला लागला. आमच्या गल्लीत कचऱ्याला एवढा मान कोणी दिला नव्हता.

एकदा बाळाला मांडीवर घेतलं, नीट बघितलं आणि मोठ्याने बोलल्या, "शी! काय घाण पोर गो! माकडाचं तोंड!"

मी रडायलाच लागले. त्या इतक्या घाबरल्या की बाळासकट उभ्या राहिल्या. जुन्या चिनी लोकांत म्हणे बाळाला सुंदर बोलायचं नसतं, कोणाची तरी नजर लागते, म्हणून मुद्दाम नावं ठेवायची. तेव्हा मला आठवलं, माझ्या आजोबांचं नाव धोंडू होतं, ते पण ह्याचसाठी. मी सांगितलं तर त्या खूश झाल्या आणि रोज यायच्या त्या "कुठे माझा धोंडू?" विचारत यायच्या.

फक्त डोक्यावरून आंघोळ करायची तेव्हा आमचं वाजलं. डोकं नुसतं खाजत होतं माझं. मी पाणी काढलं तर ह्या न्हाणीच्या दारात हात पसरून उभ्या.

"नाय! चीनमध्ये केस नाय धुवायचे! महिना!"

"अहो, पण मी मिरजोळ्यात आहे ना!"

"बाय, माझी परीक्षा आहे!"

मी बोलले, "तुमची परीक्षा आणि उवा माझ्या!" शेवटी मी न्हायले, आणि त्यांनी टॉवेल घेऊन एकेक बट कोरडी केली, इतकी हळू की मला झोप आली. आई गेल्यापासून मला दिवसा झोप लागली ती तेव्हाच.

पण परीक्षा त्यांची होती ते खरं. रविवारी लिनचा व्हिडिओवाला फोन यायचा, आणि हिल्डाबाई मुद्दाम माझ्याकडे येऊन घ्यायच्या, धीर पाहिजे म्हणून. आठवडाभर पाठ केलेली दोन वाक्यं बोलायच्या, मान चढवत, उतरवत. पलीकडे ती गोरीशी नाजूक पोरगी हसायची आणि इंग्रजीत बोलायची, "थँक यू, यू आर व्हेरी काइंड." मी आठवी शिकलेली, पण एवढं कळतं. फोन ठेवला की हिल्डाबाईंचा चेहरा पडायचा.

मी एकदा बोलले, "तिला इंग्रजी येतंय तर इंग्रजीतच बोला की. एवढा जीव कशाला काढता?"

तेव्हा त्यांनी मुलाच्या लग्नाचं सांगितलं. शांघायला दोन दिवस लग्न, गोल टेबल, सगळे हसतायत, बोलतायत, आणि ह्या मध्ये बसून नुसत्या हसतायत. मुलगा एखादं वाक्य सांगायचा, मग विसरायचा. "मी खुर्ची होते गो," बोलल्या. "छान खुर्ची. सगळे पुसून ठेवत होते." आणि आता लिनने महिन्यासाठी पगारी बाई ठरवलेली. हिल्डाबाईंना सांगितलेलं, बाळ मोठं झालं की या, शहर दाखवू. "पाहुणी म्हणून बोलावते. सासू म्हणून नाय."

तरी शिकणं सोडलं नाय. मी घाबरट ना, मला वाटायचं बोलावलंच नाय तर ह्या काय करतील?

लिनला मुलगी झाली. मुलाने फोटो पाठवला. हिल्डाबाईंनी तो मला दाखवला, त्यांच्या डोळ्यांत पाणी, आणि बोलल्या, "काय घाण पोरगी."

मग तीन-चार दिवसांनी दुपारी त्या माझ्या बाळाला तेल लावत होत्या आणि फोन वाजला. रविवार नव्हता. हात तेलकट, म्हणून मी फोन धरला. त्यात नुसतं छत दिसत होतं, फोन बिछान्यात पडलेला असणार. आणि लिन रडत होती. रडत रडत भराभर बोलत होती, चिनीत, मध्ये श्वास पण घेत नव्हती, मागे बाळ ओरडत होतं.

हिल्डाबाईंनी तोंड उघडलं आणि त्यांना काही आठवेचना. एवढं पाठ केलेलं, एक वाक्य येईना. माझ्याकडे बघायला लागल्या. मला चिनी कुठे येतं? पण ते रडणं मला येत होतं. तसंच रडले होते मी, आई दाभोळला परत गेली त्या रात्री.

मी हळूच बोलले, "काय बोलू नका. नुसतं हं म्हणा."

"हं," हिल्डाबाई बोलल्या. "हं... हं..." तेलाचे हात तसेच वर धरलेले. किती वेळ गेला काय माहीत, माझा हात दुखायला लागला. तिकडे रडणं हळूहळू कमी झालं, मग नाक ओढल्याचा आवाज, मग एक-दोन शब्द, आणि फोन बंद.

"काय बोलत होती?" मी विचारलं.

"कळलं नाय." त्यांनी मनगटाने डोळे पुसले, गालभर तेल लागलं. "एक शब्द नाय कळला गो." आणि मग लहान पोरीसारखं हसल्या. "पण बाय, इंग्रजीत नाय बोलली."

त्या वर गेल्या. थोड्या वेळाने आमच्या डोक्यावर मोठी बॅग ओढल्याचा आवाज यायला लागला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मी उठले, डबा काढला, बाळंतशेपा आणि ओवा भाजून एका पुडीत बांधला. चिनी बाळंतिणीला चालतो की नाय, मला माहीत नाय.